बिनपगारी रात्रपाळी

प्रवरेकाठच्या कोल्हारमध्ये फुकट काम करणाऱ्यांच्या तीन प्रती आहेत. नवरात्रात भगवतीमातेच्या देवळात दर्शनबारी सांभाळणारे स्वयंसेवक ही पहिली प्रत. त्यांच्या छातीवर बिल्ला असतो, तोंडात शिट्टी असते आणि तेवढे नऊ दिवस भले भले पुढारी त्यांना विचारून आत जातात. निवडणुकीत एखाद्या पॅनलसाठी पळणारे ही दुसरी प्रत. त्यांना चहा, वडापाव आणि पुढच्या पाच वर्षांची आशा मिळते. तिसऱ्या प्रतीत सध्या मी एकटाच आहे. मी ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या यादीतल्या नोंदी तपासतो. बिल्ला नाही, शिट्टी नाही, आणि आशा नेमकी कसली धरायची हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

काम काय आहे ते आधी सांगतो, कारण घरातही ते पुरतं कोणाला माहीत नाही. जगात पुष्कळ माणसं प्रोग्राम लिहितात आणि मूळ लिखाणासकट सगळ्यांपुढे ठेवतात. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या नावाने असल्या सॉफ्टवेअरची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. लिहिणारे वाढत गेले, तसे तीन प्रश्न उभे राहिले. कोणतं सॉफ्टवेअर कुठे मिळतं? ते खरोखर खुलं आहे का? आणि अजून चालतं का? या प्रश्नांसाठी याद्या निघाल्या. फाउंडेशनच्या फ्री सॉफ्टवेअर डिरेक्टरीत, जिला एके काळी युनेस्कोचाही हातभार लागला होता, १६,००० हून अधिक नोंदी आहेत. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या खुल्या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाची ऑगस्ट २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली, तिच्यात ६९,८३० पॅकेजं, म्हणजे बांधून तयार ठेवलेले प्रोग्राम, होती. एवढ्या सगळ्यांची नावं, वर्णनं, परवाने आणि दुखणी सांभाळणारे बहुतेक लोक दिवसा दुसरीकडे नोकरी करतात आणि हे काम रात्री करतात.

रात्र माझ्या वाट्याला जरा जास्तच येते. डिरेक्टरीच्या स्वयंसेवकांची बैठक दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता भरते. म्हणजे बॉस्टनच्या दुपारी. कोल्हारात तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक थंडी सुरू झाली की घड्याळ एक तास मागे घेतात. हे मी शेजारच्या आबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘मागं घेतल्यानं ऊस लवकर तुटतो का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी अमेरिकेचा विषय सोडून दिला.

आबा नात्याने माझे चुलत चुलते. शेतीच्या विजेची रात्रपाळी असेल त्या शुक्रवारी माझी बैठक सुरू व्हायला आणि आबांनी उसाला दारं धरायला निघायला एकच गाठ पडते. हातात काठी, कपाळावर विजेरी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन, कारण उसात बिबट्या असतो आणि माणूस येतोय हे त्याला आधी कळलेलं बरं. जाताना ते माझ्या खिडकीशी थांबतात.

‘आज काय?’

‘गाणी वाजवायचे प्रोग्राम तपासायचेत, आबा.’

‘किती?’

‘चाळीसेक.’

‘एवढी गाणी ऐकणार कधी?’

‘गाणी नाही ऐकायची. परवाने बघायचेत.’

आबा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहतात. बिबट्याच्या वाटेने निघालेल्या माणसाने खुर्चीत बसलेल्या माणसाची कीव करावी, हे मला फार लागतं.

पण परवाना बघणं हीसुद्धा काही साधी गोष्ट नाही. ओपन सोर्सच्या मान्यताप्राप्त परवान्यांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. एमआयटीचा परवाना अर्ध्या पानात संपतो. जीपीएल या फाउंडेशनच्या परवान्याची २००७ ची तिसरी आवृत्ती पाच हजारांहून अधिक शब्दांची आहे आणि ती शेवटपर्यंत वाचलेला माणूस गर्दीत चेहऱ्यावरून ओळखू येतो. शिवाय पहिल्या पानावर एक परवाना आणि आतल्या फायलींत दुसराच, हा प्रकार नित्याचा. म्हणून फायली उघडून बघाव्या लागतात.

सगळ्यांत जास्त ताप देतात ते परवानाच न लिहिणारे. इंटरनेटवर टाकलं म्हणजे ते आपोआप गावकीचं झालं, असा त्यांचा भाबडा समज असतो. कायदा नेमका उलट आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो, नोंदणीचीही गरज नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतरही तो ६० वर्षं टिकतो. म्हणजे कोणा हौशी मुलाने सुट्टीत लिहिलेला, परवाना नसलेला कॅल्क्युलेटर कायदेशीरपणे वापरायचा तर पुढेमागे त्याच्या नातवंडांपुढे हात जोडून उभं राहावं लागेल. याच कायद्यात प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत केलेली आहे. उद्या एखाद्या प्रोग्रामरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर दावा सांगितला, तर साहित्य महामंडळाला वकील द्यावा लागेल.

अशा लेखकाला मी नम्रपणे लिहितो, की परवाना जोडाल का. त्याचं उत्तर येतं, ‘घ्या की, तुम्हाला काय करायचं ते करा.’ हे वाक्य मोठ्या मनाचं आहे, पण यादीत परवान्याच्या रकान्यात ते लिहिता येत नाही. मी पुन्हा लिहितो. तो म्हणतो, ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?’ इथपर्यंत आलं की प्रकरण सॉफ्टवेअरचं राहत नाही, सोयरिकीचं होतं.

काहींना परवाना लिहिता येतो, पण राहवत नाही. डग्लस क्रॉकफर्ड या नामांकित अमेरिकन प्रोग्रामरने आपल्या परवान्यात एक ओळ घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईटासाठी वापरू नये. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आणि डेबियनने तो परवाना नाकारला, कारण वापरावर अट घातली की सॉफ्टवेअर खुलं राहत नाही. आबांना हे पटलं नाही.

‘वाईटाला वापरू नका म्हणाला, त्यात बिघडलं काय?’

‘वाईट कोण ते ठरवणार कोण, आबा?’

आबांनी काठी भिंतीला टेकवली. ‘हे मात्र खरं. मागच्या पंचवार्षिकला आम्ही ठरवलं होतं कोण वाईट ते. आता ते आमच्याच पॅनलमध्ये आहेत.’

क्रॉकफर्ड स्वतःच भाषणात सांगतात, की एका बड्या कंपनीच्या वकिलांनी त्यांच्याकडे या ओळीतून सूट मागितली. आपण वाईट करणार नाही, पण आपल्या गिऱ्हाइकांची हमी कशी देणार, असा वकिलांचा पेच होता. क्रॉकफर्डनी त्यांना दुष्टपणा करण्याची लेखी परवानगी देऊन टाकली. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांचा परवाना याहून माणुसकीचा आहे. त्यात म्हटलंय, की याचं काय हवं ते करा, कधी भेट झाली आणि हे काम तुम्हाला मोलाचं वाटलं तर मला एक बिअर पाजा. फेडोरासारख्या लिनक्स प्रकल्पांनी हा परवाना मान्य केला, कारण पाजणं ऐच्छिक आहे. काम्प कोल्हारला आले तर त्यांना स्टँडवरच्या चहावर भागवावं लागेल. कायद्याने आमच्यावर तेवढंही बंधन नाही.

परवाना जुळला की वर्णन. डेबियनचा दंडक असा, की पॅकेजचं थोडक्यातलं वर्णन ८० अक्षरांच्या आत बसवावं. आमच्याकडे ८० अक्षरांत माणूस अजून ‘काय म्हणता, बरंय का’ याच्या पुढे गेलेला नसतो. पण लेखकांची अडचण वेगळीच आहे. ते लिहितात, ‘वेगवान, हलकं, आधुनिक आणि सोपं.’ ते सॉफ्टवेअर करतं काय, एवढं सोडून सगळं त्यात आलेलं असतं. मी विचारतो, ‘हे नेमकं कशासाठी आहे?’ काही दिवसांनी सुधारित वर्णन येतं. त्यात ‘वेगवान’च्या आधी ‘अत्यंत’ घातलेलं असतं.

मग वर्ग ठरवायचा. नोंदवहीचा प्रोग्राम ‘कार्यालय’ विभागात टाकावा की ‘शिक्षण’ विभागात, यावर चार खंडांतली माणसं मध्यरात्रीपर्यंत भांडू शकतात, हे मी स्वतः बसून पाहिलं आहे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्येच लिहून ठेवलंय, की समिती अणुभट्टीचा ठराव चटकन संमत करते आणि सायकली ठेवायच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण छप्पर सगळ्यांना कळतं. पुढे १९९९ मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या मंडळींना या छपराची आठवण करून द्यावी लागली. आठवण करून देणारे गृहस्थ हेच आपले बिअरवाले काम्प.

नावांच्या भानगडी तर विचारू नका. फायरफॉक्स हा ब्राउझर खुला आहे, पण त्याचं नाव आणि चिन्ह मोझिलाच्या मालकीचं. डेबियनवाले त्यात आपल्या दुरुस्त्या करत होते. मोझिला म्हणाली, आमचं नाव लावायचं तर दुरुस्त्या आम्हाला दाखवून करा. डेबियनने २००६ मध्ये नावच बदललं आणि तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून वाटायला सुरुवात केली. आगीचा कोल्हा गेला, बर्फाचं मुंगूसवजा जनावर आलं. आतलं यंत्र तेच. ही भाऊबंदकी २०१६ पर्यंत चालली आणि मग दिलजमाई होऊन जुनं नाव परत आलं. आमच्याकडे बांधावरून लागलेले दावे दहा वर्षांत मिटत नाहीत, हे लक्षात घेता दोन्ही पक्षांनी समंजसपणा दाखवला असं म्हणायला हवं.

एवढं करून नोंद यादीत गेली म्हणजे काम संपलं, असं बाहेरच्याला वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. यादी हा मेथीचा वाफा आहे. पेरणी एका दिवसाची, खुरपणी कायमची. आज बरोबर असलेली नोंद सहा महिन्यांनी खोटी झालेली असते. दुवा मेलेला असतो, प्रकल्पाच्या पत्त्यावर कोणीतरी जुगाराची जाहिरात लावलेली असते, लेखकाने परवाना बदललेला असतो किंवा लेखक स्वतःच दिसेनासा झालेला असतो. डेबियनच्या त्या २०२५ च्या आवृत्तीत १४,१०० हून अधिक पॅकेजं नवी आली आणि ८,८४० हून अधिक जुनी काढून टाकली गेली. आलेल्यांची बातमी होते. गेलेल्यांच्या दारात जाऊन ‘कोणी आहे का घरात?’ असं विचारावं लागतं, ते आमच्यासारख्यांना.

हे मी गमतीने म्हणत नाही. डेबियनमध्ये यासाठी खरोखरच एक पथक आहे. बेपत्ता झालेल्या सांभाळकर्त्यांचा माग काढणं एवढंच त्याचं काम. ते पत्र पाठवतात: आपण बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, आपली पॅकेजं अजून आपणच बघताय ना? उत्तर आलं नाही तर थोड्या दिवसांनी दुसरं पत्र. तरीही शांतता असेल तर ती पॅकेजं अनाथ म्हणून जाहीर होतात आणि इच्छुकांनी दत्तक घ्यावीत असं आवाहन निघतं. उत्तरं येतात तीही वाचण्याजोगी असतात. कोणाला जुळी झालेली असतात. कोणी पीएचडी संपवून माणसांत आलेला असतो. एका प्रोग्रामच्या कर्त्याने मला कळवलं होतं, की त्याने आता संगणक सोडून सुतारकी धरली आहे, आणि पाट-चौरंग लागले तर सांगा.

यादीच मरते तेव्हा मात्र कोणी पथक पाठवत नाही. १९९७ मध्ये निघालेली फ्रेशमीट ही या क्षेत्रातली पंढरी होती. नवीन सॉफ्टवेअर आलं की लोक आधी तिथे नाव नोंदवत. २०११ मध्ये तिने नाव बदलून फ्रीकोड केलं आणि जून २०१४ मध्ये नव्या नोंदी घेणं थांबवलं. सगळ्या इंटरनेटचीच यादी करायला १९९८ मध्ये काही जण निघाले होते. त्यांनी आधी नाव ठेवलं ग्नूहू. स्टॉलमन यांच्या ग्नूवाल्यांची हरकत आली, म्हणून झालं न्यूहू. त्यावर याहूची हरकत आली. शेवटी नेटस्केप कंपनीने ते घेतलं आणि ओपन डिरेक्टरी, म्हणजेच डीमॉझ, या नावाने ते चाललं. हजारो स्वयंसेवक संपादकांनी लाखो संकेतस्थळं हाताने वर्गवारी करून लावली. तोवर शोधयंत्रं सुधारली आणि लोकांनी यादी वाचणं सोडलं. १७ मार्च २०१७ रोजी ती बंद झाली. बारसं तीनदा झालं, बाराव्याला कोणी आलं नाही.

आमचा हा भाग सहकाराचा. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेजारच्या लोणीच्या परिसरात उभा केला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते आणि पहिला गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला. त्यामुळे सामायिक मालकी म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डेबियन हजारभर सभासदांचं सामायिक आहे, एवढं कळल्यावर आबांचे पुढचे प्रश्न तयारच होते.

‘चेअरमन कोण?’

‘दर वर्षी निवडणूक होते. सभासद मत देतात.’

‘दर वर्षी?’ आबांनी हातातली तंबाखू मळायची थांबवली. ‘पगार? गाडी?’

‘काही नाही.’

‘मग उभं कोण राहतं?’

मी त्यांना २०१९ ची हकीकत सांगितली. त्या वर्षी उमेदवारीची मुदत संपली तरी एकही नाव आलं नाही, आणि मुदत वाढवावी लागली.

‘अर्ज माघारी घेतले असतील. काहीतरी देऊन-घेऊन.’

‘भरलेच नव्हते, आबा.’

‘मग बिनविरोध झाली म्हण की.’

‘बिनविरोध व्हायला एक तरी लागतो.’

वाढीव मुदतीत पाच जण उभे राहिले, हे ऐकून त्यांना बरं वाटलं; ही निवडणूक त्यांच्या ओळखीची होती. पण २०२३ मध्ये एकच उमेदवार होता आणि तरीही मतदान झालं, हे त्यांच्या पचनी पडेना. मी सांगितलं, की मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कोणी नको’ हाही एक पर्याय असतो आणि एकट्या उमेदवारालासुद्धा त्याला हरवावं लागतं. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘हे तुझ्या कॉम्प्युटरातच ठेव. इकडं आणू नको.’

कामाच्या पॅकेजांवर आबांचा विश्वास बसेना, म्हणून मी त्यांना काऊसे दाखवलं. हे डेबियनच्या ‘खेळ’ विभागातलं पॅकेज. आपण एक वाक्य द्यायचं. पडद्यावर अक्षरा-चिन्हांनी काढलेली गाय उभी राहते आणि ते वाक्य बोलून दाखवते. लोणीच्या जनावरांच्या बाजारात आबांचा शब्द चालतो. त्यांनी चष्मा लावला आणि गाय निरखली.

‘जात कुठली?’

‘अमेरिकन.’

‘दूध?’

‘नाही.’

‘शेण?’

‘नाही.’

‘खाती काय?’

‘काहीच नाही.’

‘मग राहू दे. ठेव.’

जगातल्या कुठल्याही परीक्षकाने एखादं पॅकेज इतक्या थोडक्यात आणि इतक्या अचूक निकषांवर पास केलेलं नसेल. याच विभागात एसएल नावाचं दुसरं पॅकेज आहे. फायली दाखवायची ‘एलएस’ ही आज्ञा घाईत उलटी टाइप झाली, की पडद्यावरून धूर सोडत वाफेचं इंजिन धडधडत जातं. मासाशी टोयोडा या जपानी गृहस्थांनी हे १९९३ मध्ये लिहिलं, घाई करणाऱ्यांना अद्दल घडवायला. कोल्हारला रेल्वे नाही. गाडी धरायची तर श्रीरामपूरला जावं लागतं, आणि तिथल्या स्टेशनचं नाव बेलापूर. त्यामुळे गावात आलेली पहिली आगगाडी म्हणून आमच्या घरच्या मुलांनी एसएलचं रीतसर स्वागत केलं. ती वेळेवर सुटते, हेही नमूद करायला हवं.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नसतं, हे २०१६ च्या मार्चमध्ये जगाला कळलं. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज होतं. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून द्यायची, एवढंच त्याचं काम. नावावरून झालेल्या एका वादात लेखकाने रागावून आपली सगळी पॅकेजं सगळ्यांच्या सामायिक भांडारातून काढून घेतली. त्या अकरा ओळींवर दुसरं पॅकेज उभं होतं, त्यावर तिसरं, आणि असं करत मोठमोठ्या कंपन्यांची कामं ठप्प झाली. शेवटी भांडारवाल्यांनीच ते पुन्हा जागेवर ठेवलं. कोण कोणावर अवलंबून आहे, हा यादीतला सगळ्यांत कंटाळवाणा रकाना. तो भरताना मला नेहमी झोप येते. त्या आठवड्यात जगभरात तोच रकाना लोक डोळे ताणून वाचत होते.

२०२४ च्या मार्चमधलं प्रकरण याहून वाईट. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारं पॅकेज. ते जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. ते वर्षानुवर्षं एकटा माणूस सांभाळत होता आणि तो थकला होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी मदतीला आलं. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं, विश्वास मिळवला, आणि मग आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. म्हणून ते उघडकीला आलं. आमच्याकडे सरकारी दाखल्याला अर्धं वर्ष जास्त लागलं तरी कोणाला शंका येत नाही. या माणसाला अर्ध्या सेकंदापायी झोप लागली नाही.

अशी माणसं आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. कोल्हारवरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. पुढची तीनशे वर्षं ती हातोहात उतरवली गेली, आणि उतरवणाऱ्यांनी मधूनमधून आपल्याही ओव्या घातल्या. एकनाथांनी १५८४ मध्ये पोथ्या जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं, की यात कोणी स्वतःची ओवी मिसळली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. नाथांचं काम कुठे आणि आमच्या नोंदी कुठे. तशी बरोबरी करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. पण मूळ कोणतं आणि घुसडलेलं कोणतं हे बघणारा माणूस लागतो, हे या नदीकाठाला फार आधीपासून ठाऊक आहे. त्या बजावणीला आम्ही मराठी लोक भक्तीने नमस्कार करतो. संगणकाच्या बाबतीत मात्र समोर आलेल्या कुठल्याही चौकटीत ‘मान्य’ दाबून मोकळे होतो.

मराठीचा हिशेबही सांगून टाकतो. देवनागरीचा लोहित हा खुला फाँट पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला आणि तो डेबियनमध्ये पॅकेज म्हणून मिळतो. मराठीचं शुद्धलेखन तपासणारं अ‍ॅस्पेलचं पॅकेजही तिथे आहे. पॅकेजांची वर्णनं त्या त्या भाषेत आणण्यासाठी डेबियनचा स्वतंत्र प्रकल्प आहे. हजारो ओळी मराठी हाताची वाट बघत पडल्या आहेत. मराठी कॉम्प्युटरवर यायला हवी, अशी भाषणं मी दर २७ फेब्रुवारीला ऐकतो. भाषण झाल्यावर वक्त्याला गाठून मी विचारतो, की ८० अक्षरांची एक ओळ भाषांतर करून द्याल का. त्यांना नेमकी तेव्हाच गाडी धरायची असते.

तर आता निकाल देतो. यादी करायला उत्साह पुरतो. यादी खरी ठेवायला कोडगेपणा लागतो. तुम्ही फोन वापरता, ऑनलाइन पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता, तेव्हा अनोळखी माणसांनी लिहिलेल्या आणि अनोळखी माणसांनी तपासलेल्या शेकडो पॅकेजांवर तुमचं काम चालतं. त्यांना देणगी दिलीत तर उत्तमच. पण पैशाहून दुर्मीळ असलेल्या दोन गोष्टी तुमच्याजवळ आहेत, त्या फुकट आहेत आणि त्याच मला मागायच्या आहेत. एखाद्या यादीत मेलेला दुवा, चुकीचं नाव किंवा जुनं वर्णन दिसलं, तर पुढे न जाता तिथेच कळवा. आणि एखादं खुलं सॉफ्टवेअर रोज वापरत असाल, तर त्याच्या कर्त्याला या आठवड्यात एक ओळ लिहा: वापरतोय, चालतंय. मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही.